माकडं संपवली तर माकडताप संपेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. आई-वडील दोडामार्गाकडे राहतात, काजूची बाग आहे आणि गेल्या आठवड्यात बागेच्या कडेला माकड मरून पडलेलं दिसलं. गावात काहीजण म्हणतायत, माकडांचा एकदा बंदोबस्त केला की ताप आपोआप जाईल. तुम्ही मुंबईहून विचारताय की हे खरं का, आणि १९५७ पासून ह्या रोगावर संशोधन चाललंय तर अजून औषध कसं नाही?

घाईचं आहे ते पहिलं सांगतो. माकड पडलं होतं त्या जागेकडे सध्या कुणी फिरकू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राला आजच कळवा. आणि वडलांना ताप आलाच, तर डॉक्टरसमोर बसल्या बसल्या "आमच्या बागेत माकड मेलं होतं" हे आधी सांगायचं, बाकीची लक्षणं मागाहून. ताप सगळ्यांनाच येतो. डॉक्टरांना दिशा मिळते ती ह्या एका वाक्याने.

आता मी कोण ते सांगतो. सिंधुदुर्गात आरोग्य सेवक होतो, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. पण २०१६ च्या जानेवारीत केर गावात माकडताप निघाला आणि पुढच्या हंगामात तो बांद्याच्या बाजूला सरकला, तेव्हा बाहेरून आलेल्या संशोधकांबरोबर रानात, हा ताप पसरवणाऱ्या गोचिडी गोळा करत मी बराच हिंडलो. ते काम ऐकून हसाल. एका काठीला पांढरं जाडसर कापड बांधायचं आणि पातेऱ्यावरून, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरावरून, ते ओढत चालायचं. थोडं चाललं की थांबून कापड उलटं करायचं आणि चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून बाटलीत टाकायच्या. पहिल्या दिवशी मला कापडावर काहीच दिसेना. सोबतच्या मुलीने बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं, की मी ज्याला धूळ समजत होतो ते चालत होतं.

गाईच्या कानात फुगलेली, वाटाण्याएवढी गोचीड आपण लहानपणापासून बघतो. माणसाला धोका असतो तो तिच्या पोरवयात. ह्या जातीचं शास्त्रीय नाव हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिच्या आयुष्याचे तीन टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला रक्त पाजणारा नवा यजमान. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड, जे सापडेल त्याला चिकटतं. पोट भरलं की खाली पडतं, कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. हे दुसऱ्या टप्प्यातलं पिल्लू तिळापेक्षाही बारीक असतं आणि माणसाला मुख्यतः हेच चावतं. मोठी झालेली गोचीड गुरांकडे वळते, भरपूर रक्त पिते, खाली पडून हजारांनी अंडी घालते आणि मरते. दुसऱ्या टप्प्यातली पिल्लं रानात साधारण डिसेंबर ते मे ह्या काळात असतात. आणि डिसेंबर ते मे म्हणजे आपल्याकडे काय? पातेरा गोळा करायचा, बागा साफ करायच्या, बोंडू म्हणजे काजूची फळं वेचायची. माणूस नेमका त्याच दिवसांत पातेऱ्यात बसलेला असतो. काजूवाल्यांना हा ताप जास्त का झाला ह्याचं दुसरं गूढ काही नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यातही काजूच्या मजुरांमध्येच तो दिसला.

ह्या सगळ्यात माकड कुठे बसतं? विषाणू रानात गोचिडी आणि बारीकसारीक प्राण्यांमध्ये गुपचूप फिरत असतो. उंदराला त्याचं फारसं काही होत नाही. गुरंही आजारी पडत नाहीत, फक्त गोचिडी पोसतात. माकड आणि वानर मात्र पटापट मरतात. मरण्याआधी त्यांच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो आणि अंगावर शेकडो पिल्लं रक्त पीत असतात. जीव गेला, अंग थंड पडलं, की ती सगळी पिल्लं उतरून भोवतालच्या पातेऱ्यात पसरतात. म्हणजे मेलेल्या माकडाभोवतीची ती जागा पुढे कित्येक दिवस सुरुंग पेरल्यासारखी असते.

आता तुम्हीच सांगा, माकडं मारून काय साधणार? जिथे मारू तिथे एक नवी जागा तयार होईल, आणि हाकललेली टोळी आपल्या गोचिडी घेऊन पलीकडच्या वाडीत जाईल. शिवाय माकडं सरसकट नाहीशी झाली, तर विषाणू रानात जागा झालाय हे आपल्याला सांगणार कोण? माकड मेल्याची खबर मिळाली आणि मग तीन-चार दिवसांत माणसं तापाने पडायला लागली, असं मी दोनदा पाहिलंय. मधले ते दिवस हातात असतात. खबर वेळेवर मिळाली तर.

पण ती मिळत नाही, आणि ह्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण अहवालांत हे येत नाही. काही लोक गप्प बसतात. माकडाने नारळ, केळी, भाजी सगळं ओरबाडलेलं असतं, त्यामुळे मेलं तर बरंच झालं. वर वनखात्याचे साहेब येऊन तुम्हीच मारलंत का विचारतील ही भीती. रात्रीच खड्डा करून पुरून टाकतात, आणि पुरणारा माणूस त्या पातेऱ्यात उघड्या पायांनी तासभर उभा असतो. दुसरा प्रकार ह्याच्या अगदी उलट. मारुतीरायाचं रूप म्हणून माकडाला हार घालतात, नारळ ठेवतात, बायकामुलं दर्शनाला येतात. एका वाडीत मी पोचलो तेव्हा वानराभोवती वीस-पंचवीस माणसं बसली होती आणि एक आजी त्याच्या तोंडात पाणी घालत होत्या. मी ओरडलो. तसं ओरडायला नको होतं. आजी म्हणाल्या, "मेल्यार तरी त्येका सुखान जावक दी." त्या वाडीत पुढे कुणाला ताप आला नाही, हे नशीबच. नंतर मी शिकलो. नमस्कार लांबूनच करा, पुरण्या-जाळण्याचं आमची माणसं अंगभर कपडे घालून करतील, असं सांगितलं की लोक ऐकायचे.

आता संशोधनाकडे येतो. १९५७ च्या मार्चमध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत लोक तापाने पडले. तिथले लोक ह्याला मंगन काइले म्हणतात, म्हणजे माकडाचा आजार. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तेव्हा संचालक होते टेलफर्ड वर्क. जंगलात माकडं मरतायत म्हटल्यावर त्यांच्या मनात पहिली शंका आली पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला हा रोग भारतात कधीच आलेला नव्हता. तो आला असता तर काय झालं असतं ह्याची कल्पना करवत नाही, कारण तो पसरवणारा डास आपल्याकडे घरोघरी आहे. सुदैवाने काही महिन्यांतच विषाणू हाती लागला आणि तो निराळाच निघाला. डासांतून नाही, गोचिडीतून येणारा, आणि नातं कुणाशी, तर थेट रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूशी.

मग प्रश्न पडला की सैबेरियाचा हा भाऊबंद शिमोग्यात आला कसा. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडी आणल्या असतील का, हे पाहायला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. सलीम अलींचा त्यात पुढाकार. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचं काही सिद्ध झालं नाही. पण आपल्याकडचे पक्षी कुठून येतात, कुठे जातात ह्याची बरीच माहिती त्या कामातून जमली. संशोधनाचं हे असं असतं, जायचं एका गावाला आणि पोचायचं दुसऱ्याच गावाला.

मला स्वतःला सगळ्यात पटलं ते होर्हे बोशेल ह्यांचं म्हणणं. हे कोलंबियाचे. तिथे त्यांनी पाहिलं होतं, की जंगलात उंच झाड तोडलं की शेंड्याकडे राहणारे डास त्याच्यासोबत खाली येतात आणि लाकूडतोड्यांना पीतज्वर होतो. शिमोग्यात आल्यावर त्यांनी म्हटलं, विषाणू कुठून आला हे शोधण्याआधी रानात काय बदललं ते बघा. जंगल तोडून शेती आली, कडेला घाणेरीची जाळी माजली, त्यात गुरं चरायला लागली. गुरांमुळे गोचिडी बेसुमार वाढल्या. विषाणू बहुधा आधीपासून तिथेच होता, आपणच त्याच्या उंबरठ्यावर जाऊन राहिलो. दोडामार्गात माझ्या डोळ्यांसमोर रान उतरलं आणि काजू, रबर चढला, त्यामुळे हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

आता औषधाचं. विषाणूला मारणारं खास औषध माकडतापावर नाही हे खरं. सलाईन, पॅरासिटामॉल, प्लेटलेटवर लक्ष, रक्तस्राव झाला तर रक्त, असे उपचार असतात. अंगदुखी भयंकर असते म्हणून लोक मेडिकलमधून मनानेच वेदनाशामक गोळ्या आणतात. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्या अजिबात नकोत. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. काहींना ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा चढतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो. म्हणून बरं वाटलं तरी रुग्णावर नजर ठेवायची. एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकायचं काही कारण नाही. हे लिहावं लागतंय, कारण तसं झालेलं मी पाहिलंय.

लसीची गोष्ट लांबलचक आहे. सुरुवातीला रशियन मेंदूज्वरावरची लस देऊन पाहिली, भाऊबंद आहे तर चालेल म्हणून. चालली नाही. मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून, फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस तयार झाली आणि कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली गेली. एक महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, पुढे दरवर्षी एक. २००५ ते २०१० मधल्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन डोस घेतलेल्यांत संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरनंतर सुमारे ८३ टक्के भरलं. आकडे कागदावर बरे दिसतात. पण सुई प्रचंड दुखायची, आणि रोजंदारीवरचा माणूस दरवर्षी दंड सुजवून घ्यायला कशाला येईल? पुढे तिचा परिणाम आणखी घटलेला दिसला आणि कर्नाटकाने ती थांबवली. आता नव्या लसीवर काम चालू आहे.

औषध का नाही ह्याचं माझं उत्तर असं. रुग्ण दरवर्षी थोडे, तेही पश्चिम घाटाच्या बाजूच्या काही जिल्ह्यांतले आणि बहुतेक गरीब. कोणती कंपनी पैसे लावेल? शिवाय विषाणू हाताळायला धोकादायक. पुण्यात सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळेतल्या कितीतरी माणसांना ह्याचीच लागण झाली होती. त्यासाठी लागते तशी कडेकोट, बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा पाषाणला उभी राहिली ती २०१२ साली. मात्र संशोधनातून काहीच मिळालं नाही असं म्हणू नका. पूर्वी निदानाला आठवडे लागायचे, आता आरटी-पीसीआरने ताप चढल्याच्या पहिल्या दिवसांतच कळतं. आमच्या वेळी नमुना पुण्याला नाहीतर मणिपालला जायचा आणि आम्ही फोनकडे डोळे लावून बसायचो.

एक गफलत सांगून ठेवतो, कारण ती आमच्या हातून झाली आहे. सिंधुदुर्गात ताप आणि अंगदुखी म्हटलं की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आठवतो. मार्चमध्ये आलेल्या एका रुग्णाला आम्ही चार दिवस लेप्टो समजून बसलो. लेप्टो पावसाळ्यात, भाताच्या चिखलात होतो. मार्च-एप्रिलमध्ये काजूवाला तापला, डोळे लाल झाले, कपाळ ठणकायला लागलं, तर आधी माकडताप मनात आणायचा. तो माणूस वाचला.

वडील ह्या वर्षी काजू गोळा करू शकतात का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. माकड पडलं होतं त्या भागात आरोग्य खात्याची माणसं मॅलॅथिऑन ह्या कीटकनाशकाची पावडर मारून, आता जायला हरकत नाही असं सांगेपर्यंत नाही. बाकी बागेत जाऊ दे, नाहीतर ते ऐकणारही नाहीत. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यात खोचलेली, गमबूट. उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल. आम्ही त्याच्या बाटल्या वाटल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या खुंटीला टांगलेल्या पाहिल्या. तेल चिकट आहे, वास मारतं, मान्य, पण दर काही तासांनी लावायचंच. पातेऱ्यावर बसून बोंडूची बी काढायची नाही, बोंडू घरी आणून अंगणात काढायची. गुरं असतील तर पशुवैद्यकांना विचारून गोचीडनाशक लावून घ्या, गाय विकायची गरज नाही. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, साबण लावून आंघोळ, आणि आईला सांगा की काखेत, जांघेत, कानामागे नीट बघायचं. नवीन तीळ दिसला तर त्याला पाय आहेत का ते पाहायचं. गोचीड मिळाली तर बोटाने चिरडू नये, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी.

आरोग्य केंद्रात फोन लागला नाही तर गावच्या आशाताईंना सांगा. त्यांचा फोन कायम चालू असतो.