कंपनी चांगली, तरी कॉल का पडला?

प्रश्न : पी-ई (शेअरचा भाव प्रति शेअर नफ्याच्या किती पट), कर्ज बघून चांगल्या कंपनीचा कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क देणारा ऑप्शन, घेतला. निकाल उत्तम, शेअरही वाढला, तरी तोटा. मग ताळेबंद वाचून उपयोग काय?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताळेबंद कंपनीची प्रकृती सांगतो, शेअर कधी हलेल ते नाही. ऑप्शनला मात्र मुदत असते. निकालाआधीच्या अनिश्चिततेमुळे प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, फुगतो आणि निकाल लागताच ओसरतो. समजा, शेअर १,००० रुपयांवर असताना १,००० चा कॉल ४५ ला घेतला. शेअर १,०२० झाला तरी कॉल ३८ वर येऊ शकतो. म्हणून निकालाची तारीख आधी पाहा आणि तिच्या तोंडावर महाग कॉल घेऊ नका.

ताळेबंद खरा कामी येतो पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क देणारा ऑप्शन, विकताना. शेअरच्या ऑप्शनमध्ये आपल्याकडे प्रत्यक्ष डिलिव्हरी होते. ९५० चा पुट विकला, लॉट (एका सौद्यातले शेअर) ६०० चा असला आणि मुदतीला शेअर ९५० खाली बंद झाला, तर ५,७०,००० रुपये उभे करून शेअर घ्यावेच लागतात. तेव्हा मनाला विचारा, ही कंपनी दोन वर्षं सांभाळाल का? कामकाजातून येणारी रोकड नफ्याच्या जवळपास हवी. नफा वाढतोय पण येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) विक्रीपेक्षा वेगाने फुगताहेत, तर सोडून द्या. प्रवर्तकांचे शेअर मोठ्या प्रमाणात गहाण असतील, तरीही नकोच.

शेवटी ऑप्शनच्या खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर बघा. २० ला घेणारा आणि २४ ला विकणारा असेल, तर शिरतानाच ४ रुपये गेले.