हापूसच्या साइटवर टेस्ट लावायच्या आधी
अरे भावा, टेस्ट म्हणजे काही माणसांना जुनं पान, काहींना बदललेलं पान दाखवून कुठल्यावर ऑर्डरी जास्त येतात ते बघायचं. पण बटण हिरवं की केशरी ते सोड, आधी साइटवर माणसं किती येतात ते बघ. शंभरातली 3 ऑर्डर देतायत त्याची 4 झाली का हे पकडायला दोन्ही पानं मिळून दहा हजारांच्या वर माणसं लागतात, देवगडात बसून पेट्या विकणाऱ्या आपल्याकडे सीझनभरात तेवढी येतील तर शपथ! म्हणून बदल मोठा घे, 3 ची 6 होतील असा, मग पानामागे सात-आठशे पुरतात. म्हणजे बघ, डिलिव्हरीचा खर्च शेवटी दाखवण्याऐवजी पेटीच्या भावातच धरून टाक. एका वेळी एकच बदल हां. आणि जुनं पान मार्चात, नवं अक्षय्य तृतीयेला असं नको, मी केलं होतं, ऑर्डरी धबाधबा आल्या म्हणून नाचलो, नंतर कळलं की तेव्हा कुठलंही पान चाललं असतं. दोन्ही एकाच वेळी लाव, अर्धी अर्धी माणसं, किमान दोन पूर्ण आठवडे, रोज आकडे बघून मधेच थांबवू नको. मोजायचं काय ते आधीच वहीत लिही, ऑर्डर म्हणजे ऑर्डर, क्लिक नव्हे. बाकी अशा टेस्ट लावायचं गूगलचं टूल, गूगल ऑप्टिमाइझ, 2023 मध्येच बंद झालंय, जुने व्हिडिओ बघून ते शोधत बसू नको.