इंदूर ते गुहागर, आणि गाडी २००८ची

प्रश्न : आमच्याकडे २००८च्या नोंदणीची, पेट्रोलवर चालणारी वॅगन-आर आहे. वडिलांनी ती फार जपून वापरली. इतक्या वर्षांत ती जेमतेम अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर चालली आहे आणि तीही बहुतेक शहरातच. येत्या मे महिन्यात आई-वडील, पत्नी, मुलगी आणि मी असे पाच जण कुलदैवताच्या दर्शनासाठी धुळे, नाशिक, पुणे, कराड या मार्गाने गुहागरला जाणार आहोत. गाडी इतकी कमी चाललेली असल्यामुळे ऑइल बदलून आणि चाकांत हवा भरून निघायला हरकत नाही, असे वडिलांचे म्हणणे आहे. ते कितपत बरोबर आहे?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : गाडी अवश्य न्यावी, मात्र एवढ्याच तयारीवर नेऊ नये. अठ्ठेचाळीस हजार हा आकडा इंजिनाची झीज कमी झाली आहे एवढेच सांगतो. गाडीतील रबर आणि निरनिराळे द्रव यांच्या अवस्थेबद्दल तो काहीही सांगत नाही. टायर, होज पाइप, पट्टे, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकमधील सील हे भाग ऊन, उष्णता आणि नुसता काळ यांमुळेच कडक होतात व तडकतात, मग गाडी रोज धावो की दाराशी उभी राहो. दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत यांतले बरेचसे भाग एव्हाना बदलले गेले असते. आपल्या गाडीत ते मूळचेच असण्याची शक्यता आहे, आणि वडिलांना जी जमेची बाजू वाटते तीच त्यामुळे प्रथम तपासायला हवी.

सर्वांत आधी टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याची, चौकशी करावी. २०१० साली वॅगन-आरमध्ये के-सिरीजचे तीन सिलिंडरचे इंजिन आले, त्यात या पट्ट्याऐवजी साखळी असते. आपल्या गाडीत त्याआधीचे १०६१ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन असणार आणि त्यात रबरी पट्टा असतो. हा पट्टा तुटण्यापूर्वी बहुधा कोणतीही सूचना देत नाही आणि तुटला की इंजिन त्याच क्षणी बंद पडते. तो कधी बदलला याची नोंद जुन्या बिलांत सापडली नाही, तर बदललाच नाही असे धरून चालावे आणि टेन्शनर-बेअरिंगसह (पट्टा ताणून धरणाऱ्या भागासह) नवा बसवून घ्यावा. त्याच वेळी वॉटर पंप गळत नाही ना हेही मेकॅनिकला पाहायला सांगावे, कारण तेवढा भाग उघडलेला असताना ते काम थोडक्यात होते.

टायरच्या बाबतीत खाचा खोल दिसतात यावर विसंबू नये. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या रोमन अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१७ असे आकडे असतील तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. हे आकडे पुष्कळदा टायरच्या आतल्या बाजूला येतात, त्यामुळे चाक वळवून किंवा गाडी वर उचलून पाहावे लागते. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी व्हावी आणि दहा वर्षांपुढचा टायर, दिसायला कितीही चांगला असला तरी, महामार्गावर नेऊच नये. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर तर कायद्यानेही बाद ठरतो. आकडे वाचताना स्टेपनीला वगळू नये, कारण जपून वापरलेल्या गाड्यांत ती बहुधा गाडीच्याच वयाची निघते.

आता ब्रेककडे वळू, कारण आपल्या मार्गाचा विचार करता खरा कस तेथेच लागणार आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. महू सोडून मानपूरच्या पुढे आपण माळव्याचे पठार उतरून नर्मदेच्या खोऱ्यात येता, सेंधव्यापुढे बिजासन घाट आहे, चांदवडजवळ राहुड घाट आहे आणि शेवटी कुंभार्ली घाटात घाटमाथ्यावरून जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत, चिपळूणच्या बाजूला उतरायचे आहे. ब्रेक ऑइलचा गुणधर्म असा की ते हवेतील ओलावा सतत शोषून घेते. नव्या डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलच्या बाबतीत तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी उतारावर असताना चालकाचा पाय ब्रेकवरच राहिला तर एवढी उष्णता निर्माण व्हायला फार वेळ लागत नाही. मग ऑइल उकळून नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात पण जोर पुढे पोचत नाही, आणि पेडल मऊ पडून खाली जाते. शहरातल्या वापरात हे कधीच जाणवत नाही, म्हणूनच दहा-दहा वर्षे ऑइल न बदललेल्या गाड्या निर्धास्तपणे फिरताना दिसतात. ब्रेक ऑइल साधारणपणे दोन वर्षांनी बदलायचे असते. आपण ते पूर्ण काढून नवे भरून घ्यावे, वरून थोडे घालून पातळी सारखी करणे पुरेसे नाही. पुढचे पॅड, मागचे ब्रेक-शू आणि मागच्या व्हील सिलिंडरची गळती हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे किंवा इंजिन बंद करणे हे कटाक्षाने टाळावे, कारण इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांतच संपते.

मे महिन्यात निमाड आणि खानदेश ओलांडायचे म्हणजे रेडिएटरची परीक्षाच. अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे बोअरिंगचे जड पाणी घातलेले असते आणि त्यातील क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात. रेडिएटर धुऊन घ्यावा आणि कूलंट व शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे भरावे. गाडी थंड असताना होज पाइप चिमटीत दाबून पाहावा. तो दगडासारखा कडक लागला, फार मऊ वाटला किंवा क्लिपजवळ फुगलेला दिसला तर बदलावा. रेडिएटरच्या झाकणातील रबर आणि स्प्रिंग यांच्यामुळे आत दाब टिकतो व पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून हे स्वस्तातले झाकणही नवे घ्यावे. वाटेत तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावावा. उन्हाळ्यात तो जाच वाटेल, पण इंजिनातील उष्णता त्या वाटेनेही बाहेर पडते. काटा तरीही उतरला नाही, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पुरते निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये.

बॅटरी चार वर्षांपुढची असल्यास दुकानात लोड टेस्ट (भार देऊन केलेली चाचणी) करून घ्यावी. फॅन बेल्ट, वायपर, दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा, हॉर्न ही अर्ध्या दिवसाची कामे आहेत. हवेचा दाब चाके थंड असताना भरावा आणि चालकाच्या दाराजवळील पट्टीवर पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिला असल्यास तोच घ्यावा. टपावर कॅरिअर लावून जड बॅगा चढवणे या उंच, अरुंद गाडीला मानवत नाही. जड सामान डिकीत तळाशी ठेवावे.

ही सगळी कामे निघण्याच्या आदल्या दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. नवा बसवलेला भाग सदोष निघणे, क्लिप सैल राहणे हे प्रकार पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांतच उघड होतात. तीन आठवडे आधी काम करून घ्यावे आणि एका रविवारी सर्वांना घेऊन महेश्वरला जाऊन यावे. सुमारे नव्वद किलोमीटरचा रस्ता आहे, जाताना मानपूरचा तोच घाट उतरायचा आहे आणि येताना चढायचा आहे. परतल्यावर गाडी रात्रभर एका जागी उभी करून तिच्याखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. सकाळी त्यावर कोणता डाग कोठे पडला आहे हे पाहून मेकॅनिकला नेमकेपणाने सांगता येते.

प्रश्न : आमची आल्टो बारा वर्षांची आहे. नागपूरला जाण्यापूर्वी गॅरेजमध्ये दाखवली, तेव्हा इंजिन फ्लशिंग, डिकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग आणि पॉलिश अशी लांबलचक यादी मिळाली. यांतले प्रवासासाठी आवश्यक काय?
— एक वाचिका, तिलकनगर, इंदूर

उत्तर : यांतले एकही नाही. गाडी नीट सुरू होत असेल, ओढ घेत असेल आणि धूर सोडत नसेल, तर डिकार्बनायझिंगचे, म्हणजे इंजिनातली काजळी काढण्याचे, पैसे वाचवून ते टायर व ब्रेकवर खर्च करावेत. फ्लशिंगबद्दल तर माझे मत प्रतिकूलच आहे, कारण वर्षानुवर्षे साचलेला गाळ मोठ्या प्रवासाच्या तोंडावर सुटा करून ऑइलच्या जाळीकडे पाठवण्यात शहाणपण नाही. आपल्या यादीत ब्रेक ऑइल, कूलंट आणि पट्टे यांचा उल्लेखही नाही हे मात्र आश्चर्याचे आहे. वरील उत्तरातील तपासण्या दुसऱ्या एखाद्या मेकॅनिककडून करून घ्याव्यात.

प्रश्न : पंधरा वर्षांवरील गाडी महाराष्ट्रात जप्त होते असे ऐकतो. मध्य प्रदेशच्या क्रमांकाची जुनी गाडी तिकडे नेता येते का?
— एक वाचक, देवास

उत्तर : नेता येते. आपण ऐकले ते दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासंबंधीच्या आदेशांविषयीचे असावे. महाराष्ट्रात केवळ वयामुळे खासगी गाडी अडवण्याचा तसा नियम नाही. मात्र खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षेच वैध असते आणि त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी नव्याने मिळते. ती मुदत संपलेली असेल तर गाडी रस्त्यावर आणणेच बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाईही अडचणीत येते. धुराच्या प्रमाणासाठी ठरवलेल्या भारत स्टेज ४ या मानकाच्या आधीच्या गाड्यांचे पीयूसी प्रमाणपत्र वर्षाचे नसून सहा महिन्यांचेच असते, ही तारीख बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आरसी, विमा आणि परवाना डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. फास्टॅग जुना असेल तर त्यात शिल्लक आहे एवढेच न पाहता तो बंद पडलेला नाही, याची खात्री पहिल्या टोलनाक्यावर पोचण्यापूर्वी करून घ्यावी.