कॅटचा पॅसेज वाचून डोकं बधिर होतं

प्रश्न : ताई, मी बुटीबोरीहून बसने नागपूरच्या बर्डीला कॅटच्या (एमबीए प्रवेश परीक्षेच्या) क्लासला येते, शिक्षण मराठी मीडियम. इंग्लिश पॅसेज अर्ध्यात आला की सुरुवातीचं आठवतच नाही अन् शेवटी दोन ऑप्शनमध्ये अडकते. काय करू?

उत्तर : अगं, वाचताना डिक्शनरी उघडत असशील तर ती आधी बाजूला ठेव. व्हीएआरसीला, म्हणजे इंग्लिशच्या सेक्शनला, ४० मिनिटं असतात, २०२४ ला २४ पैकी १६ प्रश्न पॅसेजचेच होते, त्यामुळे एका पॅसेजला सात-आठ मिनिटंच धर. प्रत्येक पॅरा संपला की लेखक काय म्हणाला ते मनात एका वाक्यात बोल, मराठीत बोललीस तरी चालतं, कोणी काही म्हणो. ऑप्शनचं म्हणशील तर, समज लेखक म्हणतो 'काही शहरांत मेट्रोमुळे गर्दी कमी झाली' अन् ऑप्शन म्हणतो 'मेट्रो आली की गर्दी संपते', तर तो लेखकापेक्षा जास्त बोलतो, म्हणून उडव, कितीही पटला तरी. चुकलेल्या एमसीक्यूचा (ऑप्शनवाल्या प्रश्नाचा) एक मार्क कापतात, बरोबरचे तीन मिळतात, म्हणून नुसता तुक्का नको. मॉक (सराव परीक्षा) झाल्यावर सोल्युशन उघडायच्या आधी चुकलेले प्रश्न परत सोडव, हे कोणीच करत नाही बघ. अन् बसमध्ये रील्सऐवजी इतिहास, तत्त्वज्ञान असले कंटाळवाणे वाटणारे इंग्लिश लेख वाच, पॅसेज तसलेच येतात.