रात्री दोनला नाडी मोजणारीला

अगं, तुझं पत्र वाचलं. ऑफिसमधली तुझ्याच वयाची मैत्रीण अचानक गेली आणि तेव्हापासून रोज रात्री दोन-अडीचला तुला जाग येते, छाती धडधडते, मग नाडी मोजत बसतेस, मोबाईलवर लक्षणं शोधतेस, ईसीजी नॉर्मल आला तरी भरवसा नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून श्वासावर लक्ष ठेवलंस तर भीती उलट वाढली. आणि विचारतेस, "वर्तमानात जगा म्हणतात, मलाच का जमत नाही?"

कारण तू ते भीती पळवायला वापरतेयस. पाच मिनिटं श्वास बघायचा आणि मग चेक करायचं, गेली का? हेही नाडी मोजणंच झालं की! त्यात ज्याला छातीचीच धास्ती बसलीये त्याला श्वासाकडे बघ म्हणणं मला तरी, निदान सुरुवातीला, पटत नाही. तू बाहेरचं काहीतरी पकड. उठून बस, तळवे फरशीला टेकव, टाचेला जास्त गार लागतंय की बोटांना ते बघ, चादरीची शिवण बोटाने चाचप, बाहेर कसला आवाज येतोय ते ऐक. धडधड चालूच राहील, राहू दे. अ‍ॅड्रेनलिनची लाट असते ती, घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या रसायनाची, बहुतेकदा काही मिनिटांत चढते आणि मग आपोआप ओसरते, तिच्याशी झटापट केलीस की मेंदूला वाटतं खरंच धोका आहे.

मरण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण रात्री दोनला त्या खोलीत मरण आलेलं नसतं गं, मरणाचा विचार आलेला असतो, तेवढंच मनात म्हण, "विचार आलाय." आपण असतो तेव्हा मरण नसतं असं ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस २३०० वर्षांपूर्वी सांगून गेला, मुद्दा बिनतोड आहे, पण घाबरलेल्या माणसाला युक्तिवाद ऐकूच येत नाही. तो दिवसा कर. बौद्धांमध्ये मरणस्सती म्हणून मरण मुद्दाम आठवायची साधनाच आहे, तू मात्र दिवसभर तो विषय टाळतेस आणि मग तो रात्री गाठतो.

आणि एक, एवढ्या लांबलचक पत्रात मैत्रिणीबद्दल एकच ओळ आहे. तिच्याबद्दल कुणाशी तरी बोल, रडू आलं तर रड. झोपेचं असंच चालू राहिलं तर सरळ थेरपिस्टकडे जा, आणि चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखलं तर मात्र भीतीच असेल म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरला दाखव. मोबाईल आजपासून दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.