स्प्लेंडरची कामं घरी करायची आहेत, बजेट तीन हजार. १०८ नगांचा टूल सेट घ्यावा का?

तुमची गाडी २०१८ ची स्प्लेंडर, राहायला पुण्यात, आणि ऑइल, प्लग, चेन, केबल, जमलं तर टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट लावणं) एवढं घरी करायचंय. ऑनलाइन १०८ नगांची पेटी दोन-अडीच हजारांत दिसतेय, घ्यावी का, असं विचारलंय.

माझं मत: घेऊ नका. अशा सगळ्याच पेट्या टाकाऊ असतात असं नाही. पण १०८ मधले दहा-बारा नग तुमच्या गाडीला लागतील, बाकीच्या गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) नि बिटं मोटारीसाठी असतात. टॅपेटची चावी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि जपानी स्क्रूला बसणारा ड्रायव्हर यांचा त्यात सहसा पत्ता नसतो. म्हणजे पेटी घेऊनही पुन्हा बाजारात जाणं आहेच.

सुरुवात दुकानापासून न करता गाडीपासून करा. गाडी मेन स्टँडवर लावा आणि जे काम करायचंय त्याच्या वाटेत येणारे नट-बोल्ट कोणत्या मापाचे आहेत ते कागदावर लिहा. स्प्लेंडरचं इंजिन मूळ होंडाच्या घराण्यातलं, त्यामुळे मापंही जपानी वळणाची: ८, १०, १२, १४, १७, १९. पेटीतल्या १३, १५, १६, १८ ला इथे फारसं काम नाही. (पल्सरवाल्यांनी ही यादी डोळे झाकून उतरवू नये. जुन्या कास्ट-आयर्न बुलेटवाल्यांनी तर मुळीच नको, तिथे इंची बोल्टही भेटतात.)

आता पाने. १०, १२, १४, १७, १९ असे पाच कॉम्बिनेशन पाने सुटे घ्या, म्हणजे एका टोकाला फिक्स, दुसऱ्याला रिंग. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रिंग सगळीकडून धरते. म्हणून घट्ट नट आधी रिंगने सोडवायचा आणि मग हवं तर फिक्सने भराभर फिरवायचा. उलटं केलं की नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढे त्याला कुठलाच पाना लागत नाही. टपारियाचे चालतील. नाशिकला सातपूरमध्ये कारखाना असलेली कंपनी आहे, आणि घरच्या कामाला त्याहून भारी माल लागत नाही. पाना मापानुसार साधारण शंभर ते अडीचशेला पडतो. नकली मालही फिरतो, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

८ आणि १० चे टी पाने, म्हणजे टी आकाराच्या मुठीचे, वेगळे घ्या. गॅरेजमध्ये पोराच्या हातात सतत असतो तोच. अर्ध्या इंची ड्राइव्हचा लांब रॅचेट (गोट्या फिरवायचा दांडा) छोट्या बोल्टवर लावला की हाताला अंदाज येत नाही आणि बोल्ट तुटतो. टी पान्याला दांडा आखूड, जोर मोजकाच लागतो आणि बोल्ट कुठे बसला ते बोटांना कळतं. साइड पॅनेल, टाकीचे बोल्ट, इंजिनची कव्हरं ही कामं त्यानेच होतात. म्हणून रॅचेट-गोटी सेट नसला तरी सुरुवातीला काही अडत नाही.

पैसे जरा सैल सोडायचे ते स्क्रू ड्रायव्हरवर. हे सहसा कुणी सांगत नाही. आपल्या गाड्यांवरचे अधिक-चिन्हाचे जुने स्क्रू बरेचदा जपानी पद्धतीचे असतात, जेआयएस. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक टिंब असतं. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात घातला की तो पूर्ण बसत नाही, कडा नीट भिडत नाहीत. जोर दिला की ड्रायव्हर वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू, ब्रेक-क्लच लिव्हरच्या आसपासचे स्क्रू असेच खराब होतात आणि शिव्या गंजाला बसतात. व्हेसल या जपानी कंपनीचा दोन नंबरचा जेआयएस ड्रायव्हर ऑनलाइन मिळतो. साध्यापेक्षा महाग आहे, तरी घ्या. तुमची गाडी २०२० च्या एप्रिलआधीची, म्हणजे बीएस-६ या धुराच्या नियमांच्या आधीची आहे आणि कार्ब्युरेटरवाली आहे, त्यामुळे तुम्हाला तो खरंच लागेल.

प्लगसाठी नवं काही नको. सीटखालच्या किंवा साइड पॅनेलमागच्या कंपनीच्या किटमध्ये प्लग पाना असतोच, १६ चा. त्या किटमधले बाकीचे पाने मऊ लोखंडाचे, रस्त्यात अडलं तर कामाचे, पण घरच्या कामात वापरू नका. प्लग थंड इंजिनातच काढायचा. बसवताना पान्यावर दांडा न लावता आधी नुसत्या हाताने फिरवायचा, आटे सरळ लागले याची खात्री करूनच आवळायचा.

टॅपेट करणार असाल तर तीन वस्तू हव्यात: फीलर गेज, चौकोनी भोकाची टॅपेट चावी आणि लॉक नटाला ९ चा रिंग पाना. तिन्ही मिळून तीन-चारशेच्या आत बसतात. फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, ती डोळ्याने जमत नाही. आवाज ऐकून टॅपेट लावणारे मिस्त्री आहेत, पण त्यांचा कान तयार झालेला आहे.

आता टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळण्याचा पीळ. ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल काढायचा इंजिनखालचा बोल्ट) स्टीलचा आणि आटे अ‍ॅल्युमिनियमच्या केसमध्ये. जास्त आवळलात तर बोल्टला काही होत नाही, केसचे आटे जातात, आणि मग लेथवाल्याकडे मोठे आटे मारायला किंवा हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवायला जावं लागतं. म्हणून लोक टॉर्क रेंच घ्यायला धावतात आणि घेतात अर्ध्या इंचाचा, साधारण २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. तो मोटारीच्या चाकासाठी ठीक. तुमच्या गाडीवर ८ किंवा १० चा पाना लागणाऱ्या ६ मिलिमीटरच्या बोल्टना १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात आणि ड्रेन बोल्टला साधारण २५ ते ३०. म्हणजे पहिलं काम त्या रेंचच्या पट्टीत येतच नाही आणि दुसरं अगदी तळाच्या टोकाला येतं, जिथे क्लिकवाला रेंच सगळ्यात कमी भरवशाचा असतो. छोट्या मापाचा चांगला रेंच तुमच्या बजेटचा बराच भाग खाऊन टाकेल.

त्याऐवजी प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, दोन-तीनशेचा. पाना बोल्टला लावा, दुसऱ्या टोकाला काटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. हिशेब सोपा: हवा तो टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, गुणिले दहा, भागिले बोल्टच्या मध्यापासून हुकापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये. येतील तेवढे किलो काट्यावर दिसले पाहिजेत. १७ च्या पान्यावर २० सेंटिमीटरला हुक लावला तर २५ न्यूटन-मीटरला साडेबारा किलो. प्रयोगशाळेतली अचूकता नाही, पण घरच्या ड्रेन बोल्टला भरपूर झाली. नेमके आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घाला, काही रुपयांचा असतो.

चेनसाठी स्प्लेंडरवाल्यांना फारसा खर्च नाही. पूर्ण कव्हर असल्यामुळे धूळ कमी लागते. कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून चेन वर-खाली हलवून ढिलाई बघता येते, साधारण दोन-तीन सेंटिमीटर. ताण देताना मागच्या एक्सलच्या नटाबरोबर चेनच्या बाजूचा स्लीव्ह नटही सैल करावा लागतो आणि दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे. या दोन नटांची मापं आधी घेऊन ठेवा, पाच पान्यांत नसलेलं एखादं माप इथे निघू शकतं.

राहिला मल्टिमीटर. स्वस्तातला पुरे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं, इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा. हे दोन आकडे माहीत असले की सेल्फ लागत नाही म्हणून थेट नवी बॅटरी घेणं टळतं.

यात टायर, क्लच आणि हँडलचे कोन (हँडल फिरतं ते बेअरिंग) धरलेले नाहीत. त्यांची हत्यारं महाग आणि काम क्वचित, ते गॅरेजलाच द्या. स्क्रू पाना, म्हणजे जबडा मागेपुढे होणारा, घेऊच नका. तो प्रत्येक नटावर थोडा सैलच बसतो. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, गटारात ओतू नका.

खरेदीला रविवार पेठेतली बोहरी आळी. जुन्या बाजारात कधी कधी जुने गेडोर शिक्क्याचे पाने निघतात, पण जबडा फाकलेला नाही ना, ते बघूनच. आणि आधी नाना पेठेत जाऊन टॅपेट चावीबरोबर तुमच्या गाडीचा एक नवा ड्रेन बोल्ट घ्या. तो खिशात घालून बोहरी आळीत जा आणि १७ चा पाना काउंटरवरच त्याच्यावर चढवून बघा. डुगडुगला तर दुसरा मागा.