वाचक विचारतात: ओळख परेडच्या आधीच तोंड दाखवलं होतं का?

प्रश्न: आमच्या पणजोबांना १९२० च्या सुमारास एका दरोड्याच्या केसमध्ये दहा वर्षं सक्तमजुरी झाली होती. घरात लहानपणापासून ऐकतोय की फौजदाराने फिर्यादीच्या माणसांना चौकीवर बोलावून पणजोबांचं तोंड आधीच दाखवलं आणि मग ओळख परेडचं नाटक केलं. चुलते म्हणतात प्रत्येक कैद्याच्या घरात हीच गोष्ट सांगतात. खरंच असं चालायचं का? आणि आता तपासायचं कसं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: चालायचं. आणि चुलत्यांचंही अगदीच चूक नाही, सुटायला हवं असेल तर खरा दरोडेखोरही हेच म्हणणार ना. म्हणून घरातली गोष्ट बाजूला ठेवून आधी निकाल मिळवा, त्यात काय बघायचं ते सांगतो.

पहिली गंमत म्हणजे ज्या ओळख परेडवर (आरोपीला इतर माणसांच्या ओळीत उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावणं) माणसं काळ्या पाण्यावर गेली त्या परेडचं नावसुद्धा तेव्हाच्या कायद्यात नव्हतं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ९ एवढंच म्हणत होतं की माणसाची किंवा वस्तूची ओळख पटवणारी गोष्ट पुराव्यात येऊ शकते, बस. परेड कुणी घ्यायची, किती माणसं उभी करायची, पोलिसांनी कुठे थांबायचं याबद्दल १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अवाक्षर नाही, सगळं सर्क्युलरवर आणि त्या त्या जिल्ह्याच्या वहिवाटीवर. (आरोपीची ओळख पटवण्यासाठी वेगळं कलम आलं ते १९७३ च्या नव्या संहितेत, २००५ च्या दुरुस्तीने, ५४अ.) त्यामुळे कुठे मॅजिस्ट्रेट जेलमध्ये जाऊन नीट परेड घ्यायचा आणि कुठे फौजदारच दोन पंच पकडून आणून उरकून टाकायचा.

आता दरोडा कसा पडायचा ते डोळ्यासमोर आणा. रात्रीची वेळ, मशालींचा उजेड, तोंडाला फडकी बांधलेली, घरातली माणसं कोपऱ्यात दाबून बसवलेली आणि मारहाण चालू. अशात चेहरा किती दिसणार? पण तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ३९१ प्रमाणे दरोडा म्हणायला पाच किंवा जास्त माणसं लागतात, म्हणजे पोलिसांना नुसता एक माणूस सापडून भागत नाही, टोळी उभी करावी लागते. वरून साहेबाचा तगादा की तपास किती लागले, मुद्देमाल किती टक्के परत मिळवला. १९०२-०३ च्या फ्रेझर पोलिस कमिशनने आकड्यांवरून पोलिसांचं काम जोखायच्या या पद्धतीवर टीका केली होती आणि एकूण पोलिस खातं भ्रष्ट आणि जुलमी आहे असंही सरळ लिहून ठेवलंय, तेही इंग्रज सरकारनेच नेमलेल्या कमिशनने.

कबुलीजबाब घ्यावा तर पुरावा कायद्याचं कलम २५ आडवं, पोलिसाजवळ दिलेली कबुली कोर्टात चालतच नाही. त्यामुळे सगळा भार ओळखीवर, मुद्देमालावर आणि माफीच्या साक्षीदारावर. यातली ओळख सगळ्यात सोपी, कारण खोटेपणा करायचा तर तो परेडच्या आधी करायचा असतो आणि त्याचा कागद उरत नाही. साक्षीदार समन्सच्या निमित्ताने चौकीवर येतो, आरोपी ओट्यावर बेड्या घालून बसवलेला असतो, शिपाई नुसतं नाव घेऊन हाक मारतो. झालं काम. मग आठ दिवसांनी परेड होते आणि पंचनाम्यात सगळं कसं स्वच्छ, दोन्ही पंचांचे अंगठे, साक्षीदाराने पुढे होऊन खांद्याला हात लावून ओळखलं वगैरे.

त्यात तुमचे पणजोबा रामोशी, बेरड, पारधी अशा एखाद्या समाजातले असतील तर अजूनच कठीण. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला, मग पोलिसांकडे रोजची हजेरी आली, आणि दरोड्याच्या रात्री हजेरी चुकली की नाव यादीत. पोलिसाला चेहरा आधीच पाठ, फक्त साक्षीदाराला तो पाठ करून द्यायचा. उलट उदाहरण म्हणजे वासुदेव बळवंत फडके, १८७९ च्या खटल्यात त्यांची स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी आणि आत्मचरित्रच सरकारच्या हाती लागलं होतं, तिथे कुणाच्या ओळखीवर केस टांगून ठेवायची गरज नव्हती. लिहिता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र चेहरा हाच कागद.

निकाल हाती आला की सगळ्यात आधी तारखा बघा. अटक कधी, परेड कधी, मधे किती दिवस, आणि त्या दिवसांत आरोपी कुठे होता, पोलिस कस्टडीत की जेलमध्ये? कोर्टात नेताना तोंड झाकलं होतं का? उत्तरेकडच्या दरोड्याच्या केसेसमध्ये याला बापर्दा ठेवणं म्हणतात आणि ते सिद्ध झालं नाही तर ओळखीची किंमत घसरते. मग पहिली फिर्याद वाचा. फिर्यादीत "दहा-बारा अनोळखी इसम" एवढंच असेल, उंची नाही वर्ण नाही काही नाही, आणि महिन्याभराने तोच साक्षीदार एकही चूक न करता सगळेच्या सगळे आरोपी ओळखतो, तर मला तरी शंका येते. खरी आठवण अशी नसते, खरा साक्षीदार एखाद्याला चुकतो, एखाद्या डमीला, म्हणजे ओळीत मिसळून उभ्या केलेल्या तिऱ्हाईताला, बोट लावतो.

आणि चेहऱ्यावरच्या खुणा. समजा आरोपीच्या गालावर देवीचे व्रण आहेत, तर काळजीवाला मॅजिस्ट्रेट ओळीतल्या सगळ्यांच्याच गालाला त्याच जागी कागदाची चिठ्ठी चिकटवायचा. हे केलं नाही तर साक्षीदाराला चौकीवर न्यायचीही गरज नाही, "व्रणवाला धर" एवढा निरोप पुरे. ओळीत कोण उभे होते हेही बघा, आता हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका आरोपीमागे कमीत कमी सहा डमी लागतात आणि ते दिसायला त्याच्यासारखे हवेत, तेव्हा कधीकधी चौकीसमोरून जाणारे लोक उचलून उभे करायचे.

कागद कुठे मिळतील? मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात ज्युडिशियल डिपार्टमेंटचे खंड आहेत, तिथे जिल्हा आणि साल घेऊन जा. अपील झालं असेल आणि मुद्दा कायद्याचा असेल तर हायकोर्टाचे निकाल छापणाऱ्या बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्येही सापडू शकतं, ते १८९९ पासून निघतंय. आणि हो, सेशन्स कोर्टात असेसर असायचे, म्हणजे जज्जाला आपलं मत सांगणारे स्थानिक लोक, त्यांनी निर्दोष म्हटलं तरी जज्जावर ते बंधनकारक नव्हतं, पण त्यांचं मत निकालात लिहिलेलं असतं. गावाकडच्या लोकांना केस कशी वाटली ते तिथे कळतं.

प्रश्न: खोटी ओळख करवणाऱ्या पोलिसांना शिक्षा व्हायची का, की फक्त आरोपी सुटायचा? (लॉच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी)

उत्तर: कायद्यात शिक्षा जबरदस्त होती. दंडसंहितेचं कलम १९५ बघ, जन्मठेपेच्या गुन्ह्यात कुणाला अडकवायला खोटा पुरावा तयार केला तर करणाऱ्याला त्याच गुन्ह्याची शिक्षा. साध्या दरोड्याला ३९५ खाली काळं पाणी होतं, म्हणजे फौजदारही काळ्या पाण्यावर जाऊ शकत होता. खुनासकट दरोडा असेल तर १९४, आणि निर्दोष माणूस फासावर गेला तर पुरावा रचणाऱ्यालाही फाशी देता येत होती.

प्रत्यक्षात मात्र ज्याच्या बाबतीत घडलं त्याला स्वतः उठून १९५ खाली फिर्याद करता येत नव्हती, १८९८ च्या संहितेत कोर्टाची मंजुरी किंवा कोर्टाचीच फिर्याद लागायची. आणि जज्ज काय लिहायचे? "ओळखीच्या पुराव्यावर विसंबून राहणं सुरक्षित वाटत नाही." आरोपी सुटला, फौजदाराचं नावही नाही. फारच डोळ्यावर आलं तर खात्यांतर्गत चौकशी, पायरी खाली, क्वचित बडतर्फी. मला विचारशील तर या मवाळ भाषेनेच पोलिसांना सगळ्यात जास्त वाचवलं.

एक केस जरूर वाच, १९३६ ची नझीर अहमद, लाहोर हायकोर्टावरून प्रिव्ही कौन्सिलला (तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) गेलेली, दरोडा आणि खून. तिथे ओळखीचा नाही तर कबुलीचा प्रश्न होता, मॅजिस्ट्रेटने कच्च्या नोंदी केल्या, त्यावरून टाइप करून घेतलं, कच्च्या फाडून टाकल्या आणि कबुली कशी नोंदवायची ते सांगणाऱ्या कलम १६४ प्रमाणे आरोपीची सही घेतलीच नाही. शिक्षा रद्द झाली. कायद्याने पद्धत ठरवून दिली असेल तर तशीच करा नाहीतर करूच नका, हे जुनं तत्त्व तिथे ठामपणे लावलं गेलं. ओळख परेडला असा दणका बसला १९५४ ला, मुंबईच्या लॉइड्स बँकेवर १९५१ मध्ये पडलेल्या दरोड्याच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की परेड पोलिसांच्या हाताखाली झाली असेल तर साक्षीदाराने बोट दाखवणं म्हणजे पोलिसाला दिलेला जबाबच, आणि तपासात पोलिसाला दिलेला जबाब पुराव्यात न घेणाऱ्या कलम १६२ ने तो बाद. ही दोन्ही कलमं १८९८ च्याच संहितेची.

प्रश्न: माणसाची ओळख ठीक, पण दागिन्यांचीही खोटी ओळख करवत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: करवत, आणि कायदा करणाऱ्यांना ते पक्कं माहीत होतं. दंडसंहितेच्या कलम १९२ मध्ये खोटा पुरावा रचणं म्हणजे काय याचं पहिलंच उदाहरण होतं की क्ष ने य च्या पेटीत दागिने ठेवले, ते तिथे सापडावेत आणि य ला चोरीची शिक्षा व्हावी म्हणून. १८६० चं कलम आहे हे! पुतळ्यांची माळ किंवा गोट एकसारखे दिसतात, फिर्यादी गेलेलं सोनं परत मिळेल या आशेने "हेच माझं" म्हणून जातो, खोटं बोलतोय असंही त्याला वाटत नाही. निकालात सोनाराची साक्ष असेल तर ती आधी वाचा आणि त्याने सांगितलेलं तोळ्याचं वजन पहिल्या फिर्यादीतल्या यादीशी लावून बघा. ती यादी दरोड्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे की मुद्देमाल सापडल्यानंतर जोडलेली, तेही तारखेवरून कळेल.